दारापाशी बसणारी उलकान

उलकान कुणाच्याही घरी गेली की दारापाशी बसायची. पाहुणी म्हणून जायची तेव्हा नव्हे, अ‍ॅम्ब्युलन्सवरची बाई म्हणून जायची तेव्हा. आमच्याकडे, बिश्केकपासून लांबच्या या डोंगरगावात, दारापाशी बसतो तो काही मागायला आलेला, नाहीतर घरची धाकटी सून. जरा मानाचं माणूस आलं की त्याला दारासमोरच्या भिंतीशी गाद्यांवर नेऊन बसवायचं, पुढ्यात दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरायचं आणि त्यावर नान मोडून ठेवायचा. आणि ही बाई, जिच्या हातात आमचा जीव, ती बुटांवर निळ्या पिशव्या चढवून चौकटीला खेटून बसणार. लोक तिला 'उंबऱ्याची सून' म्हणायचे. तिला ते माहीत होतं.

मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. एकदा माझ्या छातीत धडधडलं तेव्हा ती आली आणि दारातच थबकली. मी निजल्या निजल्या ओरडले, "अगं, उंबऱ्यात उभी राहू नकोस, घरात यायची बरकत अडते!"

"आजी, बरकत अंगानं बारीक असते, बाजूनं येईल आत," ती म्हणाली. "मी जाड आहे. मला परत जायला वाट लागते."

मग दाराकडून सरकत सरकत माझ्यापाशी आली, पण दाराला पाठ काही केली नाही.

रक्त, मोडतोड, असं तिच्या वाट्याला कमीच यायचं. म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर, गुडघे, पोरं रशियाला कमवायला गेलेल्या बायांचं एकटेपण. त्यालाही आम्ही छातीत दुखणंच म्हणतो. पण उलकान म्हणायची, अशाच घरात जास्त जपावं लागतं. अपघातात माणूस आपोआप सावध होतो. चहा समोर आला की विसरतो.

तिचा ड्रायव्हर सागिंदिक. तो गाडी आधी वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावायचा, मगच उलकान उतरायची. घरचे चिडत. "आले नाहीत तोच पळायची तयारी!" सागिंदिक म्हणायचा, "घोडा बांधता तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे करता का, काका?" उलकान फाटकातूनच हाक मारायची, "कुत्रा बांधा!" मग विचारायची, घरात कोण कोण आहे, कुणी प्यायलंय का. आत सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारा जो असेल त्याला ती लगेच काम द्यायची. "दादा, तुमच्यासारखा खंबीर माणूस हवा. जरा रस्त्यावर उभे राहा, दुसरी गाडी आली तर वाट दाखवा." दुसरी गाडी कसली येतेय! तो बापडा बर्फात उभा राहून गार होऊन परत यायचा, तोवर इकडचं काम उरकलेलं.

तिला एकच मुलगी, बेगिमाय. नवरा लवकर गेला. पोरीचं लग्न नुरिपाच्या मुलाशी ठरलं आणि आमच्या रीतीनं त्यांनी येऊन तिच्या कानात कुड्या घातल्या, त्या दिवशी उलकान माझ्या गळ्यात पडून रडली. विधवेची पोर, वर आई रात्री-बेरात्री परक्या पुरुषाबरोबर गाडीतून हिंडणारी. असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं. नुरिपाचं घर मोठं, मेंढ्या भरपूर, फक्त जीभ तिखट. "जीभ सोसेल माझी लेक," उलकान म्हणायची. "पोरगा तिच्याकडे बघतो तेव्हा खाली बघायला विसरतो, मला तेवढं पुरे." हे लग्न मोडू नये एवढंच तिला त्या हिवाळ्यात हवं होतं.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी नुरिपाकडे लोकर पिंजायला बसले होते. नुरिपाच्या सासूचं, बातमाचं, डोकं भणभणायला लागलं. तिचं ब्लडप्रेशर दर आठवड्याला चढायचं, त्यात नवीन काही नाही. फोन केला, गाडी आली, वळली, तोंड रस्त्याकडे.

फाटकातून उलकाननं विचारलं, "घरात कोण कोण आहे?"

"कोण असणार, घरचीच माणसं," नुरिपा म्हणाली. "का, विहीणबाई आता आमची शिरगणती करणार?"

मागच्या खोलीत तिचा दीर झोलदोश पिऊन पडला होता. ते ती बोलली नाही. विहिणीसमोर कोण बोलेल?

उलकान आत आली आणि सवयीनं दारापाशी टेकली. बातमाचं अंथरूण तिकडे भिंतीशी, मानाच्या जागेच्या बाजूला. नुरिपानं कंबरेवर हात ठेवले. खोलीत सगळ्या बायका, पोरं.

"विहीणबाई, आज तुम्ही आमच्या दारात बसलात, तर उद्या तुमची लेकही या घरात दारातच बसेल हो."

हसतच म्हणाली. बायकाही हसल्या. उलकानचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. ती उठली, पेटी घेतली आणि थेट भिंतीशी जाऊन बसली. बातमाच्या दंडाला पट्टा बांधला, गोळी दिली, आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजायचं म्हणून थांबली. तेवढ्यात तिच्यापुढे दस्तरखान अंथरलं गेलं, नान मोडले गेले, लोणी, मुरांबा, चहाचे वाडगे. दोन्ही अंगांना बायका मांडी ठोकून बसल्या. विहिणीचा पाहुणचार झाला.

तेवढ्यात झोलदोश उठून आला. शेगडी उकरायची लोखंडी सळई हातात, आणि उभा राहिला बरोबर दारात.

"ही गाडीवरचीच ना?" तो म्हणाला. "माझी गुलसारा कळा देत होती तेव्हा तुम्ही म्हणालात, खिंडीत बर्फ आहे. आज नाही का बर्फ? का विहिणीला बर्फ लागत नाही?"

त्याची बायको गुलसारा आणि तिचं बाळ, दोघंही गेली होती त्या वेळी. खोटं नव्हता बोलत.

उलकान हळूच म्हणाली, "दादा, मी ऐकते. बसा, सांगा मला." एरवी तिनं त्याला वाट दाखवायला रस्त्यावर धाडलं असतं. पण वाट तर तोच अडवून उभा होता.

तो दोन पावलं आत आला आणि सळई आधी कपाटाच्या काचेवर बसली. पोरं किंचाळली. उलकान उभी राहिली. दार समोरच होतं, मध्ये फक्त दस्तरखान. त्यावर नान. नान ओलांडायचा नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हापासून शिकवतात. मी तिच्या पायाकडेच बघत होते. पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग ती कडेकडेनं निघाली, बायकांच्या गुडघ्यांवरून. "जरा सरका, बाई. जरा सरका."

ओरडा ऐकून सागिंदिक बुटांसकट आत आला. त्यानं झोलदोशच्या खांद्यावर हात ठेवला. "चल भाऊ, बाहेर सिगारेट ओढू." दुसरा शब्द त्याला बोलता आला नाही. सळई त्याच्या कानाच्या वर बसली.

मग मात्र उलकान सरळ धावली. नान, वाडगे, लोणी, सगळं तुडवत. आणि नुरिपाच्या तोंडून निघालं, "अगं बाई, नानावर पाय!" माणूस पडलाय, आणि हिच्या तोंडी हे. झोलदोश सळई टाकून तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

शेजारच्या एकानं गाडी हाकली. मागे उलकान दोन्ही हातांनी सागिंदिकचं डोकं धरून बसली होती. तो वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. आता "चल" एवढंच म्हणतो. पाणी हवं तरी "चल", झोप आली तरी "चल".

नुरिपाकडची माणसं माफीचा मेंढा घेऊन उलकानकडे आली. मोठे मोठे दाढीवाले होते, नुरिपाही होती. मीही होते, चहा कमी पडू नये म्हणून.

"पायऱ्यांवर बर्फ होतं," त्यातला वडीलधारा म्हणाला. "घसरला. असं सांगायचं. सागिंदिकच्या घराला आम्ही उघड्यावर टाकणार नाही."

"झोलदोश घरात आहे, हे मला का सांगितलं नाहीत?" उलकाननं नुरिपाला विचारलं.

"घरातलं दुखणं कुणी अंगणात आणतं का, विहीणबाई? तुम्ही आणाल?" नुरिपा बेगिमायकडे बघत म्हणाली. "वसंतात लग्न आहे."

बेगिमाय चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

ते गेल्यावर उलकान सागिंदिकच्या घरी गेली. त्याची बायको त्याला चमच्यानं सूप भरवत होती. ती म्हणाली, "तुला सांगायचं ते सांग. तुलाही लेक आहे." तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं उलकान मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन तिनं सगळं खरं सांगितलं. आपण दार सोडून वर, मानाच्या जागी जाऊन बसलो, हेसुद्धा. झोलदोशला तुरुंग झाला. कुड्या परत गेल्या. त्या न्यायला नुरिपा स्वतः आली, आणि उंबऱ्याच्या आत काही आली नाही.

नुरिपा गेल्यावर बेगिमाय आईला म्हणाली, "तू वर का बसलीस?"

"तुझ्यासाठी."

"आणि खरं बोललीस, ते कुणासाठी?"

  पोरगी आठवड्याभरात बिश्केकला गेली, शिवणाच्या कारखान्यात.

उलकान अजून गाडीवर जाते. नवा ड्रायव्हर गाडी कशीही लावतो, ती उतरत नाही, वळवायला लावते. शुक्रवारी सागिंदिकची दाढी करून येते. संध्याकाळी माझ्याकडे बसते, कारण बेगिमायचा फोन येतो तो माझ्याकडे. आईला ती करत नाही. मी कानाशी धरते, उलकान समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहते. परवा तिनं दोन्ही हातांनी अंगावर काहीतरी ओढून घेतल्याची खूण केली.

"कोट घेतलास का गं, जाडसर?" मी विचारलं.

 पलीकडून पोरगी म्हणाली, "तिला सांगा, घेतला," आणि तिनं फोन ठेवला.