पायाळूचा पाय

उंडीच्या बियांचे तेल निखाऱ्यांवर कोमट होऊ लागले, की त्याचा एक जड, कडवट, किंचित मातकट वास घरभर पसरतो. चंदनाची प्रतिष्ठा त्याला नाही, मोगऱ्याचे लाघव नाही; देवघरापर्यंत तो पोचला तर बायका नाक मुरडतात. पण तुम्हाला म्हणून सांगतो, तो वास आला की मला माझ्या उजव्या पायाचा तळवा आठवतो. माणसाला आईचा हात आठवावा, गावाची वाट आठवावी, हे समजण्यासारखे; स्वतःचा तळवा कुणाला आठवतो? मला आठवतो, कारण मी पायाळू आहे.

पायाळू म्हणजे डोक्याआधी पाय पुढे करून जगात आलेला. आमच्या रेवदंड्याच्या खाडीकाठी अशी श्रद्धा, की कुणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूने तिथे तीनदा पाय लावावा, उसण उतरते. दिवसभर ओणव्याने लावणी करणाऱ्या, मिठागरात मीठ ओढणाऱ्या, जाळी खेचणाऱ्या माणसांचा तो मुलूख. तिथे दुखऱ्या कमरांना काय तोटा! मी लहान असताना उजाडते न उजाडते तो आमच्या ओटीवर कुणीतरी पालथे पडलेले असे, आणि मी न्यायाधीशाच्या गांभीर्याने त्याच्या पाठीवर पाय ठेवी. बदल्यात ओंजळभर करवंदे मिळत. त्या वेळी वाटणारा अभिमान पुढे कुठल्याही परीक्षेने मला दिला नाही.

मग मी शिकलो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि मुंबईहून बी.ए. होऊन येणारा तर गावातही पहिला. हे मी लपवीत नाही. ज्याच्या बापाने जन्मभर कागदावर अंगठाच उठवला, त्याला आपल्या सहीचा गर्व वाटणारच, आणि तो वाटतो हे कबूल करायलाही त्याने लाजू नये. त्या उन्हाळ्यात मी आगबोटीतून उतरलो तो बूट घालून. दुसऱ्याच सकाळी शेजारचा धर्मा कमरेवर हात ठेवून ओटीवर आला, तेव्हा मी बुटाची नाडी आवळीत त्याला सांगितले, की हे सारे थोतांड आहे, शास्त्राला मान्य नाही. तो वाकडा आला तसा वाकडाच परतला. जाताना पायरीवरून म्हणाला, "पाय पन कालेजात गेला वाटतं!"

आणि आठवडा झाला नाही तोच खुद्द बाबांच्या कमरेत उसण भरली. गुरांपुढे पाण्याची बादली ठेवायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

आमची भातशेती खाजणातली. खाडीचे खारे पाणी तिला शिवू नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला, आणि वैशाखी अमावास्येच्या उधाणाआधी घरटी एक माणूस येऊन तो बांध सावरीत असे. त्यावर चिखलाचे पहिले ढेकूळ टाकण्याचा मान बाबांचा. मान म्हणजे काय, हे ज्याला दुसरा कुठलाच मिळालेला नाही त्याला विचारावे! अमावास्या दोन आठवड्यांवर होती. मी पदवीधराच्या थाटात फर्मान काढले: उताणे निजून राहा, तसूभरही हलू नका. कुठल्याशा पुस्तकात वाचलेले ते वाक्य मी किती ठामपणे उच्चारले! बाबांनी ते ऐकले, कारण मुलगा बी.ए. होता. आठ दिवसांत त्यांना कूसही बदलता येईना. आणि आठव्या दिवशी ते आढ्याकडे पाहत म्हणाले, "औंदा बांधावर दुसऱ्या कुनाला तरी म्होरं करा. माजं झालं आता." दुखण्याने माणूस कण्हतो, ते ऐकवते, पण तो स्वतःला मोडीत काढू लागला, की ऐकणाऱ्याचे काळीज कसे घट्ट राहावे?

नवव्या दिवशी सकाळी सखूमावशी आली. ती गावाची सुईण. लचकलेले घोटे, उतरलेले खांदेही तिच्याच हाताखालून जात. आधी तिने बाबांची पावले चाचपली. मुंग्या येतात का, बोटे हलतात का, लघवीला नीट होते का, असे खोदून खोदून विचारले. कारण पाय बधिर झालेला माणूस ती हातात घेत नसे, सरळ अलिबागच्या दवाखान्यात पाठवी. तिकडे सारे ठीक आहे असे पटल्यावर ती माझ्याकडे वळली.

"आट दिस निजवलास? आरं, होडी आट दिस उनात पडली तर तिच्या फळ्या उकलतात. ही तर मानसाची कंबर हाय!"

तिने उंडीचे तेल कोमट केले. बाबांना हलकेच पालथे करून, पाठीचा कणा सोडून त्याच्या दोन्ही बाजूंना ते सावकाश जिरवले, गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकले, आणि मग म्हणाली, "चल, लाव पाय."

एकीकडे माझे शास्त्र आडवे आले, दुसरीकडे बापाच्या अंगाला पाय लावायचा संकोच. सखूमावशीने माझ्या बुटांकडे बोट दाखवले. "ह्याच पायांना धरून मी तुला वडून काडला. माज्याम्होरं तरी उगडे कर!" आणि उशीत तोंड खुपसलेले बाबा तेवढ्यातही हसले: "लाव रं. बी.ए.चा पाय हाय, कुनाला मिळतोय?"

मी बूट काढले. "भार नको टाकू," मावशी म्हणाली, "नुसता ठेव. त्याचा श्वास वर आला की पायबी वर येऊ दे." आणि माझ्या तळव्याखाली ती पाठ आली! उन्हात तडकलेल्या शेतासारखी ताठ, आणि मग एकेका श्वासागणिक, पाणी पिणाऱ्या ढेकळासारखी, हळूहळू सैल होत जाणारी. त्यात चमत्कार होता असे मी आजही म्हणणार नाही. ऊब होती, तेल होते, आणि आपली पाठ तुटलेली नाही हे त्या पाठीला कुणीतरी अंगाला लागून सांगत होते. तिसऱ्यांदा पाय उचलल्यावर मावशीने त्यांना कुशीवर वळवले, बसवले आणि ओटीवर दहा पावले चालवले. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी गोठ्यापर्यंत. ओझे उचलताना कंबर न वाकवता गुडघे कसे मोडावेत, हे तिने त्यांना पोराला शिकवावे तसे शिकवले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी बाबा काठी टेकीत बांधावर आले. गुडघे मोडून खाली बसले, दोन्ही हातांनी ढेकूळ उचलले, क्षणभर तसेच थांबले, आणि ते जागच्या जागी बसवले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; सगळे आपापल्या टोपल्यांकडे वळले, एवढेच.

पुढच्या कामाला आमच्या घरचा माणूस मी होतो. अनवाणी, गुडघाभर चिखलात, टोपलीमागून टोपली. पंधरा वर्षे बाकावर बसलेली कंबर ती. दिवस कलताना एक टोपली उचलायला वाकलो आणि कळ मस्तकात गेली. धर्मा कितीतरी दिवसांनी खुशीत आला. "आता पायाळूला लाथ कोन घालनार रं?" सारा बांध हसला, आणि खरे सांगायचे तर, वाकल्या वाकल्या मीही हसलो.

आता मी शाळामास्तर आहे. ओटीवर पुन्हा माणसे येतात. मी बूट काढतो, आधी तेल, मग पाय, मग दहा पावले. पाय बधिर असेल तर अलिबागची वाट दाखवतो. पाय लावायला सर्वांत आधी मी धर्माकडे गेलो, त्याच्या घरी, हेही सांगून टाकतो.

पण तेलाचा वास दाटला की तळव्यामागोमाग मला बांधावरून परतल्यावरची ती संध्याकाळ आठवते. मी ओटीवर पालथा पडलो होतो. बाबांनी काठी भिंतीला लावली, निखाऱ्यावरची वाटी उतरवली आणि माझ्याजवळ बसले. पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीवरून मला माझे दुखणे दाखवता आले नसते. त्यांनी विचारलेही नाही. जन्मभर कागदांवर उठलेला तो अंगठा माझ्या पाठीवरून एकदाच फिरला, आणि दुखत होते तिथे येऊन थांबला.