एकट्या पुरुषाच्या दारातली रांगोळी

"आमच्या आजोबांच्या जुन्या इंदुरातील घरात एक अविवाहित मास्तर भाडेकरू होते. समोरच्या खोलीत शिवणकाम करणारी एक विधवा बाई राहत असे. दोघांचे सूत जुळले आणि ती बाई भल्या पहाटे मास्तरांच्या दारात रांगोळी घालू लागली. बोभाटा झाला तेव्हा मास्तरांनी रांगोळी आपोआप उमटते अशी भुताटकीची कथा रचली. आजोबांनी मोठ्या मनाने प्रकरण मिटवले."

गेल्या अंकात याच सदरात छापून आलेला हा मजकूर आहे. लिहिणाऱ्या गृहस्थांनी तो 'घरात ऐकलेली गंमत' म्हणून दिला आहे. ते मास्तर म्हणजे मी. मी हयात आहे, याची बहुधा त्यांना कल्पना नसावी. त्यांचे आडनाव मी येथे लिहिणार नाही. ते लिहिले तर त्यांच्या आजोबांचेही लिहिल्यासारखे होईल, आणि मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मजकुरातल्या त्या बाईंना, मनूताईंनाही, आता उत्तर देता येत नाही. त्यांच्या नावावरचा हा डाग पुसला जावा, एवढ्यासाठीच मी लेखणी हाती घेतली आहे.

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण, आपला अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, असे आधी सांगून टाकतो. माझा तर आजही नाही. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. जे घडले ते मी पाहिले. त्यावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते कसे घडले हे मला ठाऊक नाही, इतकेच.

नवे मध्यप्रदेश राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. आमचे घराणे धार दरबारच्या शिलेदारांचे. दरबार गेला, मान तेवढा उरला, आणि मानावर चूल पेटत नाही, म्हणून मी इंदूरला मास्तरकी धरली. नोकरी सहज मिळाली, खोली मिळेना. मिलमध्ये, कॉलेजांत, नव्या कचेऱ्यांत माणसे येऊन पडत होती आणि घरमालकांचे भाव रोज चढत होते. त्यातून मी एकटा. "फॅमिली आहे का?" हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी तोच शेवटचा. स्नेहलतागंजात एका शेठजींनी मला पायरीवरच थांबवून सांगितले, "भिया, अकेले आदमी को तो हम छत की टंकी भी किराये पे नहीं देते." दुसऱ्या एका घरी खोलीच्या आधी त्यांची उपवर कन्या दाखवण्यात आली. मी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत ट्रंक ठेवून होतो आणि तेथले मॅनेजर मला रोज नव्याने विचारत, "माटसाब, आज तो जा रहे हो न?"

अशा स्थितीत मी जुन्या इंदुरात, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, दादासाहेबांच्या दुमजली घरी पोहोचलो. दादासाहेब म्हणजे ज्यांच्या नातवाने वरचा मजकूर लिहिला ते घरमालक. होळकरशाहीत त्यांचे वडील कारभारी होते, आणि स्वतः दादासाहेब अजूनही अंगणात उभे राहून बोलत तेव्हा समोर कचेरी भरली आहे असे वाटे. अंगणापलीकडे एक खोली रिकामी होती. त्यांनी नेहमीचे उत्तर दिले: एकट्या पुरुषाला जागा नाही.

मी परत फिरलो तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या कडेला एक बाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. पायाची गती न थांबवता त्यांनी विचारले, धारचे कुठले? मी सांगितले. त्यांचे आजोळ धारचे निघाले आणि माझ्या आत्याचे घर त्यांना ठाऊक होते. त्यांनी यंत्र थांबवले आणि दादासाहेबांना म्हणाल्या, "द्या यांना खोली. मी ओळखते यांच्या माणसांना. काही कमी-जास्त झालं तर माझा कान धरा."

त्या मनूताई. तिशीच्या आसपासच्या. यजमान लवकर गेले. माघारी त्याच खोलीत, जुन्याच भाड्यात राहत होत्या आणि गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवत होत्या. मला खोली मिळाली ती त्यांच्या शब्दावर. हे त्या मजकुरात नाही.

आमच्या लोकांत दारातली रांगोळी म्हणजे घरातल्या बाईची हजेरी असते, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. गल्लीतल्या बायका सकाळी नुसत्या रांगोळ्या पाहून सांगत, कोणाची सून माहेरी गेली, कोणाकडे सुतक आहे. माझ्या दारात अर्थातच काही नसे. मनूताईंच्याही दारात नसे. त्या काळी आमच्यात विधवेने हळदकुंकू टाकून रांगोळी घालायची नाही असा दंडक होता आणि तो त्या कटाक्षाने पाळत.

पावसाळा सरला आणि एका सकाळी माझ्या उंबऱ्यापुढच्या फरशीवर रांगोळी दिसली. लहानसे कमळ, मध्ये हळदीची आणि कुंकवाची चिमूट. मला वाटले, मालकीणबाईंनी सणाचे म्हणून घातले असेल. मालकीणबाई मात्र ते पाहून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, घरात कोण आलंय?"

कोणी आलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमळ. तिसऱ्या दिवशीही. मी ते पुसून टाकी. सकाळी ते हजर. मालकीणबाईंनी माझी खोली आतून पाहून घेतली, कॉटखालीसुद्धा. मी पाहू दिली. गल्लीत हसणे सुरू झाले. कोपऱ्यावरचा पोहेवाला पुडी बांधताना विचारी, "भाभीजी के लिए भी बाँध दूँ, माटसाब?"

शिक्षकाने जे करायला हवे ते मी केले. शाळेतून बारीक चाळलेली वाळू आणून रात्री दारापुढे पसरली. सकाळी वाळूवर कमळ होते आणि वाळूवर पावलाचे, बोटाचे, मुंगीचेही चिन्ह नव्हते. हे मी दादासाहेबांना दाखवले. त्यांनी वाकून ते पाहिले आणि म्हणाले की मास्तर, तुम्ही सायन्सवाले, तुम्हाला सगळ्या तरकिबी येतात.

त्याच गेल्या अंकात एका वाचकाने पत्र लिहून मोठ्या अधिकाराने सांगितले आहे की त्या खोलीत पूर्वी एक सवाष्ण जळून मेली होती, हे 'सर्वांना ठाऊक' आहे. ठाऊक असणाऱ्या त्या सर्वांनी मला कळवावे. माझ्या आधी त्या खोलीत सरकीची पोती होती. त्याआधी दादासाहेबांच्या वडिलांची घोडी बांधत. सरकी कमळे काढीत नाही, आणि घोडीही नाही.

आता मुख्य सकाळ. रविवार होता. मी ठरवले की आज उजाडण्याआधीपासून उंबऱ्यासमोरच्या फरशीवर स्वतःच बसायचे. जागा सोडायची नाही. मी चटईसुद्धा न घेता, पाय पोटाशी घेऊन, नेमका त्या जागी बसलो. उजाडले. मनूताई समोरच्या नळावर पाणी भरायला आल्या. मला तसा बसलेला पाहून त्यांना हसू आले. म्हणाल्या की अंडी उबवताय का, मास्तर. मी म्हणालो की तुम्हीही पाहत राहा, साक्षीदार हवा. त्या हंडा ठेवून उभ्या राहिल्या. इतक्यात दूधवाला आला. त्याला जाऊ देण्यासाठी मी उठून बाजूला झालो.

मनूताईंचा चेहरा मी आधी पाहिला, फरशी नंतर. मी बसलो होतो तेथे कमळ होते. हळद, कुंकू, सगळे. एक कण विस्कटलेला नव्हता, आणि माझ्या पायजम्याला पांढरा ठिपका नव्हता. फरशी हाताला कोरडी आणि माझ्या बसण्याने कोमट लागत होती... ती कोमट फरशी मी अजून विसरलेलो नाही.

दूधवाल्याने कॅन तिथेच ठेवला आणि कान धरून मागे सरकला. मनूताई हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, हे मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आता मला खरं बोलावं लागणार."

आणि त्या खरे बोलल्या. मालकीणबाईंना, शेजारणींना, पोलकी शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला. तेथेच घात झाला. रांगोळी घालणाऱ्या ज्या बाईला आजवर नाव नव्हते, तिला नाव मिळाले. मास्तरांच्या दारात रविवारी पहाटे ही काय करत होती? हिलाच बरे दिसले? मास्तरांना खोलीही हिनेच मिळवून दिली होती ना? माझा साक्षीदार आरोपी झाला. दूधवाला विचारणाऱ्याला सांगू लागला की आपण खाली पाहिलेच नाही, आपण दूध मोजत होतो.

दादासाहेबांनी अंगणात चार प्रतिष्ठित माणसे बसवली. मनूताई दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. त्या एवढेच बोलल्या: "कुंकवाची डबीसुद्धा माझ्या खोलीत नाही. कुंकवाची हौस मी केव्हाच गाडून टाकली. येऊन बघा." कोणीही उठून पाहिले नाही. माझी खोली कॉटखालीपर्यंत पाहणाऱ्या मालकीणबाईही उठल्या नाहीत.

मी बोललो, फार बोललो. वाळूचे सांगितले, रविवारचे सांगितले, आणि लग्न न झालेला पुरुष एखाद्या बाईच्या बाजूने जितके अधिक बोलतो तितके तिचे कमी उरते, हे मला तेव्हा उमगले. नातवांच्या मजकुरात आजोबांनी 'मोठ्या मनाने मिटवले' असे आहे. मिटवले ते असे: मनूताईंना खोली सोडायला सांगितले. मला नाही. मी रागाने विचारायला गेलो तेव्हा दादासाहेब झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "मास्तरजी, तुम्ही पुरुष माणूस. तुमचं काय जातं? थोड्या दिवसांत लोक भूलून जातील. तुम्ही रहा आरामात."

मनूताईंचे भाऊ देपालपूरला धान्याच्या आडतीवर होते. ते बैलगाडी घेऊन आले. शिवणयंत्र चढवताना गल्लीतल्या एकाही पुरुषाने हात लावला नाही; मी पुढे झालो तर भावाने नुसते हाताने अडवले. मनूताईंनी जाताना माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पाहायला नको होते हे मला कळत होते, आणि तरी त्यांनी पाहावे असे वाटत होते. येथे जुळलेले सूत शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावे. मी त्यांना यापेक्षा अधिक काही देऊ शकत नाही.

त्यांची खोली महिन्याच्या आत नव्या कचेरीतल्या एका फॅमिलीवाल्या साहेबांना दिली गेली. भाडे अर्थातच नवे. ते साहेब गल्लीत राहायला आले तेव्हा मी तेथे नव्हतो. मनूताई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी ट्रंक उचलून स्नेहलतागंजात, तिघांच्या एका खोलीत, चौथा म्हणून जाऊन पडलो. तेथे दारात कधी काही उमटले नाही. पुढे लग्न झाले, तेव्हा दारात रांगोळी घालू नये असे मी पत्नीला सांगितले. तिने कारण विचारले नाही; बहुधा तिलाही कोणीतरी 'गंमत' सांगितली असावी.

मी देपालपूरला गेलो होतो, एकदाच. एक गोष्ट मनूताईंच्या कानावर घालायची होती, जी खाली लिहितो. भावाने मला ओट्याखालीच थांबवले. आतून यंत्राचा आवाज येत होता. मी बोलू लागलो तसा तो थांबला. भाऊ म्हणाले, "तुम्ही इथवर आलात, एवढंच लोकांना पुरेल. आता आणखी काय सांगता?" मी उभाच राहिलो. मग आत यंत्र पुन्हा सुरू झाले आणि मी परतलो. ती गोष्ट त्यांना कधी कळली की नाही, मला माहीत नाही. त्या तेथेच वारल्या, हे मला फार उशिरा कळले.

ती रांगोळी कोण घालत होते? इतकी वर्षे झाली, मला सांगता येत नाही. दारापुढे बसून पाहिले, वाळू पसरून पाहिले, आयुष्यभर विचार करून पाहिला. ज्यांना सांगता येते त्यांच्याकडे मी आदराने नव्हे, संशयाने पाहतो. परंतु ती मनूताई घालत नव्हत्या, आणि ही गोष्ट माझ्याइतकीच आणखी एका माणसाला पक्की ठाऊक होती. ती त्याला कशी ठाऊक होती हे मी, ते घडले त्याच दिवशी, गल्लीत सांगितले होते. दादासाहेब हसले आणि गल्ली त्यांच्याबरोबर हसली. आता त्यांच्या नातवांनी विषय काढलाच आहे, तर छापील स्वरूपात सांगतो.

मनूताई देपालपूरला गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी, उजाडता उजाडता, बाहेर बादली ठेवल्याचा आवाज झाला. मी दार उघडले. दादासाहेब माझ्या उंबऱ्यापुढे उकिडवे बसून ओल्या फडक्याने कमळ पुसत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि राहिलेले कुंकू पुसून घेतले.