शिंपीदादांना कुणी बोलूच दिलं नाही

शिक्षक प्रशिक्षण केंद्रात बाई बावीस वर्षं टायपिंग करत होत्या. इतक्या वर्षांत परिपत्रकं टाइप करताना त्यांना कधी हसू आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हेडफोन लावून त्या एकट्याच खुदखुदत होत्या.

केंद्रात इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांचं शिबिर चाललं होतं, विषय गुणात्मक संशोधन. आकडेवारीच्या मागे न लागता माणसांशी बोलायचं, त्यांच्याच तोंडून त्यांचं जगणं समजून घ्यायचं. प्रत्येकाने एकेक मुलाखत रेकॉर्ड करून आणली होती आणि ती शब्दन् शब्द उतरवायचं काम बाईंकडे आलं होतं.

नागरिकशास्त्राच्या सरांनी गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याची मुलाखत घेतली होती. कागद झाले सहा. त्यात शिंपीदादा जेमतेम अर्धा कागद!

शिबिर घेणाऱ्या मॅडमनी ते वाचलं आणि बाईंना थेट वर्गातच नेलं. "काय वाटलं ते सांगा."

बाई सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही छान बोलता," त्या म्हणाल्या. "पण तिसऱ्या पानावर दादा म्हणालेत, 'त्या वर्षापासून दुमडी उसवायचं काम बंदच पडलं.' आणि तुम्ही विचारलंत, मतदान करता का?"

वर्गात हशा पिकला. सरांचा चेहरा पडला, पण माणूस दिलदार. "चला," ते उठले, "आत्ताच जाऊ. तुम्हीही या. मी मध्ये बोललो तर चिमटा काढा."

दुकानात सरांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकच विचारलं, "दुमडी उसवायचं काम म्हणजे काय, दादा?" आणि ते गप्प बसले. शिंपीदादाही गप्प. सरांचे ओठ हलले तसा बाईंनी खरंच चिमटा काढला.

मग दादा बोलू लागले. "मुलं वाढतात ना, म्हणून कपडे शिवतानाच आत जास्तीची दुमड ठेवायची. दरवर्षी आया यायच्या. उसवा, दोन बोटं लांब करा. गल्लीतलं प्रत्येक पोर किती वाढलं, मला ठाऊक असायचं. सूतगिरणी बंद पडली, घरंच्या घरं उठून गेली. उरले म्हातारे. त्यांचं काय वाढणार?"

परतताना सर जवळजवळ पळतच होते. "बाई, गिरणी बंद पडली हे मी दरवर्षी एका ओळीत शिकवतो हो! एका ओळीत!" बाईंचेही पाय जमिनीवर नव्हते. ती मुलाखत टाइप करताना दादा जिथे थांबले, तिथे त्यांनी आपणहून लिहिलं, 'इथे बराच वेळ शांतता.' मॅडमनी ती ओळ फळ्यावर लिहिली.

पुढच्या शिबिराच्या वेळापत्रकात एक तास बाईंच्या नावावर होता. विषय होता 'ऐकणं'. त्यांनी तो कागद घरी नेऊन नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"ऐकायला शिकवणार? तू?" नवरा म्हणाला. "अगं, मला घरात कधी एक वाक्य तरी..."

"पुरे हो तुमचं," बाई म्हणाल्या, आणि त्या तासाला काय बोलायचं ते त्याला सांगायला बसल्या.