तापल्या तव्यावर पाणी

गेल्या वर्षी मी बिडाचा एक तवा विकत घेतला. किंमत सांगत नाही. एवढंच सांगते की माझ्या लग्नाच्या वेळी तेवढ्या पैशांत घरात शिलाई मशीन आलं असतं. दुकान आमच्या पनवेलच्या बाजारातलंच, पण आता त्याला काचेचं दार आहे आणि आत एसी. तवा दाखवताना तिथल्या मुलीने हातात मोजे घातले. जी वस्तू माझ्या सासूबाईंनी जन्मभर पदराने पुसली, तिला मोजे! "मॅडम, लाइफटाइम चालेल," ती म्हणाली. मी साठी ओलांडलेली बाई. कोणाचा लाइफटाइम, ते मी विचारलं नाही.

सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, एवढे पैसे घालण्यासारखं काय आहे त्यात? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर द्यायचं तर तो का घेतला तेही सांगावं लागेल. तो मी माझ्या लेकीला फसवायला घेतला होता.

मी पुण्याची. शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न होऊन आले ती शेत आणि मिठागर असलेल्या घरात, चिरनेरच्या बाजूच्या एका गावात. तिथे मी जेमतेम दोन महिने राहिले. मग नोकरीसाठी आम्ही नवीन पनवेलला फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई एसटीने आल्या. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तवा होता. काळाकुट्ट, दोन कानांचा, आणि इतका गुळगुळीत की बोट फिरवलं तर ते घसरावं. त्यांना तो त्यांच्या सासूने दिला होता. तव्याबरोबर नियमही आले. साबण लावायचा नाही. पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायचा. नागपंचमीला गॅसवर चढवायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: "तापल्या तव्यावं पानी टाकू नको गो. घराला बरं नाय."

पहिले दोन मी मान्य केले. उरलेल्या दोन नियमांना मी मनातल्या मनात हसले. वर्गात अंधश्रद्धेवर तास घेणारी बाई मी. तव्यावर पाणी पडल्याने घराचं कसं वाईट होईल, हे मला कोणी पटवून द्यावं, असा माझा तेव्हाचा ताठा.

सासूबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घावनं ठरलेली. उंचीने त्या एवढ्याशा. आमचा ओटा त्यांना उंच पडायचा, म्हणून देवघरासमोरचा पाट ओढून त्यावर उभ्या राहायच्या. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायच्या, मग वाटीने तांदळाचं पातळ पीठ कडेकडेने सोडायच्या. तव्यावर चर्र आवाज व्हायचा आणि बघता बघता घावनाला जाळी पडायची. पहिलं घावन फाटायचंच, ते त्या स्वतः उभ्याउभ्या खाऊन टाकायच्या. दुसरं माझ्या लेकीचं. ती ओट्यावरच पाय सोडून बसलेली असायची, हातात नारळाच्या रसाची वाटी. त्या दोघींचं काय काय बोलणं चालायचं, मला कधी कळलं नाही. मी बाहेर वह्या तपासत बसलेली असायचे. आज वाटतं, त्या वह्यांना कुठे आग लागली होती? अर्धा तास आत जाऊन बसायला हवं होतं.

लेक आठवीत असतानाची गोष्ट. रविवार होता. नवऱ्याशी काहीतरी फुटकळ कारणावरून वाजलं होतं, आणि त्या रागात मी घावनं करायला घेतली. रागात घावन होत नाही. पीठ दाट झालं, तवा नको तेवढा तापला, पहिलं घावन चिकटून करपलं, दुसरंही. धुराने स्वयंपाकघर भरलं. माझं डोकं फिरलं. चिमट्याने कान पकडून मी तो तवा उचलला, सिंकमध्ये टाकला आणि नळ पूर्ण सोडला. मनात म्हटलंसुद्धा, बघूया आता घराला काय होतं ते.

टण् असा एक आवाज झाला. वाफ ओसरली तेव्हा तव्याचे दोन तुकडे सिंकमध्ये पडलेले होते.

त्याच महिन्यात मी नववीला उष्णतेने होणारं प्रसरण शिकवत होते. तापलेल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं तर तो का तडकतो, हे फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. बीड कडक असतं, पण काचेसारखंच ठिसूळ, हेही मला पाठ होतं. सासूबाईंना त्याचं कारण ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि तवा फोडला मी.

लेक क्लासला गेली होती. नवरा दारात येऊन बघून गेला. मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर मागे सरकवले. लेकीला सांगितलं, तवा जड पडतो, मनगट दुखतं, वर ठेवून दिलाय. दुसऱ्या दिवशी नॉनस्टिक आणला. पुढच्या खेपेला सासूबाईंनाही तेच सांगायचं ठरवलं होतं, वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. नॉनस्टिककडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मला भाकरीच दे गो. माजे दात गेले आता." त्यानंतर आमच्या घरी त्यांनी घावन कधी मागितलं नाही. नऊ-दहा वर्षं येत-जात राहिल्या, पण पाट काही पुन्हा ओट्यापाशी आला नाही. मला सुटल्यासारखं झालं. दाताचं निमित्त झालं ते बरं झालं असं मला वाटत होतं. मग त्या गेल्या.

गेल्या वर्षी लेकीने आणि जावयाने कामोठ्यात घर घेतलं. ताबा मिळायला तीन-चार महिने होते, तेव्हाच तिचा फोन आला. "आई, मला नवीन काही देऊ नकोस. फक्त आजीचा तवा दे."

खरं सांगून टाकायला ती चांगली वेळ होती. पण वीसेक वर्षं जपलेलं खोटं फोनवर कसं मोडायचं? मी म्हटलं, "देते की. जरा घासूनपुसून देते." आणि दुपारी बाजारात गेले. फूटपाथवरचे स्वस्त तवे आधी बघितले. पण ते खरखरीत, हाताला वाळू लागल्यासारखे. सासूबाईंच्या तव्याचा गुळगुळीतपणा फक्त त्या मोज्यांतल्या महागड्या तव्याला होता. म्हणून तो घेतला.

घरी येऊन खोका उघडला. आत एक पुस्तिका होती, गुळगुळीत कागदाची, रंगीत. साबण वापरू नका. वापरून झाल्यावर पुसा, तेलाचा हात द्या. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. मी ती ओट्याशी उभी राहून वाचली. नागपंचमी तेवढी राहिली होती.

पुढचे तीन महिने आमच्या घरी रोज सकाळी घावनं होती. नवरा आता निवृत्त, जाणार कुठे. पंधरा दिवस त्याने कौतुकाने खाल्ली, मग नुसती खाल्ली, मग म्हणाला, "तिला सांगून टाक. माझ्या पोटावर कशाला?" मी ऐकलं नाही. तव्याच्या पाठीवर कंपनीचं नाव उठावात होतं, ते घासून काढायला त्यालाच पळस्प्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे पिटाळलं. वेल्डिंगवाला म्हणे त्याला म्हणाला, "काका, लोक भांड्यावर नाव टाकून घेतात. तुम्ही पुसून चाललात." नवऱ्याने त्याला सांगितलं, बायकोचं काम आहे. तेवढ्यावर त्याला सगळं समजलं.

तीन महिन्यांनी तवा काळा झाला. बोट घसरू लागलं. मी माझ्यावरच खूश. सासूबाईंचं एक लुगडं माझ्याकडे होतं, त्यात गुंडाळून कामोठ्याला नेला. लेकीचं स्वयंपाकघर नवं कोरं, अजून खोकी उघडायची होती. मी म्हटलं, चल, पहिली घावनं मीच करते. पहिलं फाटलं, ते मी उभ्याउभ्या खाल्लं. दुसरं तिला वाढलं. झक्कास जाळी पडली होती. ती ओट्यावर चढून बसली होती, पस्तिशीला आलेली बाई. घावन खाऊन संपवलं, बोटं चाटली आणि म्हणाली, "छान झालंय. पण हा आजीचा तवा नाही."

"कशावरून?" मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं.

"आजीचा तवा तू फोडलास, आई. माळ्यावर आहे ना तो, पेपरात."

उलथनं माझ्या हातातच राहिलं. तिने सांगितलं ते असं. तवा फुटल्यावर आजी पहिल्यांदा आली ती त्याच वर्षीच्या दिवाळीला. चकलीचा सोऱ्या काढायला आजीने तिला माळ्यावर चढवलं, आणि हाताला ते पुडकं लागलं. तिने वरूनच ते उघडून आजीला दाखवलं. आजीने हातात घेतलं, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले, पुन्हा तसेच गुंडाळले आणि वर ठेवायला लावले.

"रडली का गं?" मी विचारलं.

"नाही. फक्त म्हणाली, 'तुज्या आयला काय बोलू नको. मास्तरीण हाय ती. तिला चुकायची सवय नाय.'"

मी गॅस बंद केला. विचारलं, "ठाऊक होतं तर मागितलास कशाला?"

"म्हटलं, आता तरी तू सांगशील."

"फोडला मी," मी म्हटलं. "रागात होते. नळाखाली धरला." इतकी वर्षं न निघालेली तीन वाक्यं, ती पटापट निघाली. लेक ओट्यावरून उतरली आणि तिने माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. पीठ शिल्लक होतं. तिने गॅस पेटवला, कांदा तेलात बुडवून फिरवला आणि घावन घातलं. मला बसवून ताटलीत वाढलं.

तव्याचे पैसे वसूल झाले की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. घावन मात्र तोंडात ठेवल्याबरोबर विरघळलं. इतकं मऊ की चावावंसुद्धा लागलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं. सासूबाईंनी दात गेले म्हणून घावन सोडलं होतं आणि भाकरी मागितली होती.

भाकरीला दात लागतात. घावनाला लागत नाहीत.