तीन टक्के बॅटरी आणि आबांची बारी

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा नववीत सुटली, भारी शब्द मला येत नाहीत. पण बैलगाडा शर्यती मोबाईलवर लाईव्ह दाखवत यात्रेयात्रेला फिरलं, की किस्से धुळीसारखे अंगाला चिकटतात.

आमच्या पिकअपचे मालक सलीमभाई. ते आणि कॅमेरावाला पुढं केबिनमध्ये, मी मागं वायरींवर. पुढची तिसरी सीट लॅपटॉपवाल्याची. तो कंपनीत लागला आणि लॅपटॉप माझ्याकडं आला, सीट नाही. पहिल्याच शर्यतीत ऐन फायनलला बॅटरी संपली. सलीमभाई म्हणाले, "कवठे येमाईच्या यात्रेला नीट दाखवलंस तर पुढं बस. न्हाईतर लॅपटॉप दुसऱ्याला."

*

लॅपटॉप तापायचा आणि त्याचा पंखा घरघरत बॅटरी खायचा. मी खाली बाटल्यांची चार झाकणं ठेवली. हवा खेळायला लागली, पंखा गप्प!

सलीमभाईंनी वाकून बघितलं. "चपला घातल्या व्हय त्याला?"

*

भांडगावात ऊन एवढं, की स्क्रीन दिसेना. मी लॅपटॉपसकट घोंगडीत शिरलो आणि ब्राइटनेस पार कमी केला. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरली!

बाहेर एक मामा कॅमेरावाल्याला विचारत होते, "पोरगं आजारी हाय का? भर उन्हात वाफ घेतंय."

*

लॅपटॉप बंद न करता नुसता मिटला, तर पुन्हा उघडून लाईव्ह सुरू व्हायला किती वेळ लागतो? चालत्या पिकअपमध्ये मी मिटायचो, उघडायचो, आकडे मोजायचो. दरवेळी वीस.

केबिनमधून सलीमभाई ओरडले, "काय मोजतोयस, खड्डे?"

*

कवठ्याला जनरेटर दुपारीच बंद पडला. शेवटची बारी राहू गावच्या आबांची. आबा पाय मोडून दौंडच्या दवाखान्यात. घरी वाढवलेले बैल पहिल्यांदाच घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर पळणार, आणि आबा ते बघणार मोबाईलवर. बॅटरी तीन टक्के. त्यात बैल जुंपून घेईनात.

मी लॅपटॉप मिटला.

सलीमभाई धावत आले. लाईव्ह का घालवलं, म्हणून चारचौघांत नको ते बोलले. तेवढ्यात लाईव्हवर दिलेल्या माझ्या नंबरवर आबांचा फोन.

"पोरा, सगळं काळं दिसतंय."

"आबा, बघत राहा. बैल जुंपले की दिसतील."

जू मानेवर चढलं, तसं मी झाकण उघडलं. विसाव्या आकड्याला घाट दिसला आणि झेंडा पडला! बारा सेकंदांत बैलांनी घाट मारला. गुलाल उधळला, आणि मग स्क्रीन काळी झाली.

फोन पुन्हा वाजला. मागं अख्खा वॉर्ड शिट्ट्या मारत होता.

"दिसले रं," आबा एवढंच म्हणाले.

सलीमभाई माझ्याकडं न बघता वायरी गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी सवयीनं मागं चढलो. मग खाली उतरलो आणि पुढं जाऊन बसलो.