एकावन्न हात

सोसायटीच्या मतदानाची ती चौकशी इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तेव्हा महायुद्ध चालू होते. मी सांगलीकडच्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कायदा पाठ होता. माणसे तेवढी कळत नव्हती.

एक बागायतदार अर्ज घेऊन आला. गावच्या पाणी सोसायटीत पाणी उपसायचे इंजिन वरच्या मळ्याला बसवायचा ठराव एका मताने मंजूर झाला होता. सभेला सह्या-अंगठे चव्वेचाळीस, बाजूची आणि विरोधाची मिळून मते मात्र एकावन्न! सेक्रेटरी म्हणून काम बघणाऱ्या शाळामास्तरांनी खोटा कागद केला, असा आरोप होता. गुन्हा नोंदला असता तर मास्तरांची नोकरी गेली असती.

मी दफ्तर जप्त केले आणि मास्तरांना दोन तास प्रश्न विचारले.

“गर्दीत वर आलेले हात मोजले, साहेब. तेवढेच लिहिले,” एवढेच ते म्हणत राहिले.

बाहेरची माणसे घुसली म्हणावे, तर कोणी अनोळखी दिसला नव्हता. शेवटी हवालदार म्हणाले, “साहेब, परत हात वर करायला लावू या की.”

चावडीत सगळ्यांना बसवले. ठराव वाचला. पुढच्याच रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले.

“आवं आबा, शरण आलाय व्हय?” मागून कोणीतरी ओरडले. चावडी हसली.

“गप रं! ह्यो माजा, आन् ह्यो पोराचा. त्यो पलटणीत हाय. भावकीच्या बैठकीत त्याच्यावतीनं मीच बोलतो की!”

मी मोजले. असे बाप सात होते. सातही मुले लढाईवर, प्रत्येकाच्या नावे सोसायटीचा स्वतंत्र भाग, म्हणजे शेअर, घेतलेला. पोटनियम मात्र स्पष्ट होता: मत हजर सभासदाचेच. मास्तर सुटले. ठरावाच्या बाजूची ती सात मते बाद झाली आणि ठराव पडला.

निघताना आबांनी मला अडवले. “मास्तर सुटला, लय ब्येस झालं. पर पोराला पत्रात काय कळवू? त्यो सभासद हाय का न्हाई?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग त्याचं मत कुटं गेलं?”

मी पोटनियमाचे पुस्तक पुन्हा उघडले. आबा वाट बघत उभे राहिले.

जादा हात दिसला की चोर शोधायचा, असे मी समजत होतो. त्या दिवसापासून आधी विचारू लागलो, हा हात कोणाचा?