दगड बरा आणि भाजलेलं मांसही

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारी मूळची हाँगकाँगची एक रिटायर्ड नर्स राहते. आम्ही दोघी सत्तरीच्या, सकाळी मिळून चालायला जातो. ती मला कँटोनीज म्हणी शिकवते. नोकरीवरून काढलं की त्यांच्याकडे ‘स्क्विड तळला’ म्हणतात, कारण तळताना तो समुद्री जीव वळकटीसारखा गुंडाळला जातो. आमच्याकडे गाशा गुंडाळतात, मी म्हटलं. तिला ते फार पटलं.

गेल्या महिन्यात तिचा पन्नाशीचा मुलगा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला आला आणि सगळा बर्फ त्याने तिच्या गुलाबांवर लोटला. ती दारातून किंचाळली. तो हसून काहीतरी बोलला आणि पुन्हा कामाला लागला. नंतर तिने मला अर्थ सांगितला. ती म्हणाली होती, “तुझ्यापेक्षा भाजलेल्या मांसाचा तुकडा जन्माला घातला असता तर बरं!” आणि तो म्हणाला होता, “मग मला खाऊन टाक.”

मी पोट धरून हसले. आमच्याकडे दगड असतो, मी सांगितलं. दगड जन्माला आला असता तर निदान धुणं धुवायला तरी झाला असता. माझ्या आईने हे आम्हा भावंडांना इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही तिच्यासोबत वाक्य पूर्ण करायचो.

“तू तुझ्या मुलाला म्हणायचीस?” तिने विचारलं.

एकदाच. तो आठ वर्षांचा होता, तिसरं जॅकेट शाळेत हरवून आला होता. घरी इंग्रजीच बोला, असं टीचरने बजावलं होतं आणि आम्ही शहाणे ते पाळत होतो. म्हणून तेही इंग्रजीत म्हटलं. तो हसला नाही. वर खोलीत गेला.

आता तो रविवारी फोन करतो. दहा मिनिटं, अगदी नम्रपणे. परवा मी मुद्दाम विषय काढला.

“आय रिमेंबर,” तो लगेच म्हणाला. “यू वेअर मेकिंग पोळ्या.”

मी घाईघाईने सांगितलं, अरे, ती नुसती म्हण आहे, सगळ्या आया म्हणतात, त्यात काही नसतं. मला रडू येत होतं. तो ओके, ओके म्हणत राहिला.

“तू नाही का रागावत तुझ्या मुलीला?” मी विचारलं.

“नो, आई. नेव्हर,” तो म्हणाला. “मला भीती वाटते, तिच्याही लक्षात राहील.”